वाशिमचे ‘वायिन’ : गुप्तलेखनाच्या दोन कसोट्या

‘वाशिम’ हा शब्द एका जुन्या भारतीय किल्लीने कुलूपबंद केला तर त्याचे ‘वायिन’ होते. ‘श’च्या जागी ‘य’ येतो, ‘म’च्या जागी ‘न’ येतो आणि ‘व’ जसाच्या तसा राहतो. तीच किल्ली ‘वायिन’वर पुन्हा फिरवली की ‘वाशिम’ परत मिळते. या किल्लीचे नाव मूलदेवीय. ज्या ग्रंथावरील टीकेत ती सापडते, त्या ग्रंथात खुद्द वाशिमचाही उल्लेख आहे. आजचा धागा या किल्लीचा आहे, आणि वऱ्हाडातच घडलेल्या एका फार मोठ्या कुलपाचाही. त्या कुलपाआड मराठीतले आद्य गद्य कित्येक शतके बंद होते.

आधी ग्रंथ. वात्स्यायनाच्या कामसूत्राविषयी बहुतेकांना जे ठाऊक असते, ते त्यातल्या एका भागापुरतेच असते. नागरकाने, म्हणजे शहरी सुसंस्कृत माणसाने, कोणत्या ६४ कला शिकाव्यात याची यादी त्यात आहे. गायन, चित्रकला, माळा गुंफणे, कोडी सोडवणे यांच्या पंक्तीत ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला बसली आहे. अक्षरांची अदलाबदल करून शब्द इतरांना अनाकलनीय करायचा, ही ती कला. म्हणजे गुप्तलेखन हे त्या काळी केवळ हेरांचे काम नव्हते. सभ्य माणसाला यायला हवी अशी ती एक विद्या होती.

याच ग्रंथात राजांच्या अंतःपुरातील प्रादेशिक चालीरीती सांगताना ‘वात्सगुल्मक’ प्रदेशाचे नाव येते. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. यशोधराच्या जयमंगला टीकेत या नावाची उत्पत्ती दिली आहे : दक्षिणापथात वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र भाऊ होते, त्यांनी वसवलेला देश तो वात्सगुल्मक. इतिहास म्हणून ही कथा कितपत घ्यावी, हा प्रश्न बाजूला ठेवू. गावाची कीर्ती मात्र खरी होती. पुढे राजशेखरानेही विदर्भातील वत्सगुल्म नगराचे नाव कौतुकाने घेतले.

कामसूत्रात म्लेच्छितविकल्पाचे केवळ नाव आहे. तो करायचा कसा, हे यशोधराने सांगितले. त्याचा काळ साधारण तेरावे शतक मानतात. त्याने दिलेल्या दोन पद्धतींपैकी एक कौटिलीय आणि दुसरी मूलदेवीय. मूलदेवीय पद्धतीत अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत : अ आणि क, ख आणि ग, घ आणि ङ, च आणि ट, ञ आणि ण, त आणि प, न आणि म, य आणि श, र आणि ष, ल आणि स. जोडीतले एक अक्षर आले की त्याऐवजी दुसरे लिहायचे. उरलेल्या अक्षरांना हात लावायचा नाही. या हिशेबाने ‘वत्सगुल्म’चे ‘वप्लखुस्न’ होते. उच्चारताना जीभ अडखळते, पण उलट फिरवले की नाव अचूक परत येते.

या जोड्यांमध्ये एक सोय आहे. लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची किल्ली एकच राहते, वेगळा उलटा तक्ता लागत नाही. मात्र एका जोडीत पाचर बसली आहे, ती म्हणजे अ आणि क. एक स्वर आणि एक व्यंजन. ‘कारंजा’ हे वाशिम जिल्ह्यातलेच गाव घ्या. ‘क’च्या जागी ‘अ’ लिहिला, पुढचा काना तसाच ठेवला आणि ‘र’चा ‘ष’ केला, की ‘आषंजा’ होते. इथवर ठीक. पण ‘किती’ लिहायचे झाले तर? ‘अ’ला पहिली वेलांटी द्यावी लागते : ‘अिपी’. लेखनिकाने सवयीने ‘अि’ऐवजी ‘इ’ लिहिली तर घोटाळा ठरलेला, कारण मूळ मजकुरातली ‘इ’ही ‘इ’च राहणार आहे. वाचणाऱ्याने ‘इ’ पाहून ‘कि’ समजायचे की ‘इ’? आणि ‘वाक्य’ लिहिताना ‘अ’चा पाय मोडायचा तो कसा?

म्हणून कोणतीही गुप्तलिपी वापरात आणण्यापूर्वी तिला दोन निरनिराळ्या कसोट्या लावाव्या लागतात. एक कसोटी परक्याची : ज्याने वाचू नये त्याला वाचता येते का? दुसरी आपल्याची : ज्याने वाचावे त्याला, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हाताने केलेल्या प्रतीवरून, अक्षर न चुकता वाचता येते का? पहिल्या कसोटीच्या कथा रंजक असतात, म्हणून त्या सांगितल्या जातात. दुसरीत अपयश आले तर कथा सांगायलाही कोणी उरत नाही.

दुसऱ्या कसोटीचे एक उदाहरण वाशिमच्याच मातीतून निघाले. ते गुप्तलेखनाचे नाही, पण वाचनाच्या परीक्षेचे नक्कीच आहे. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात वाकाटक राजवंशाची वंशावळ सांगणारा शिलालेख आहे. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे कोरवले. लेख बराच झिजलेला असल्यामुळे त्यातील एका राजाचे नाव अभ्यासकांकडून नीट लागले नव्हते. १९३९ साली वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. त्याच्या ३७व्या राज्यवर्षातील हे दान प्राकृत आणि संस्कृत अशा मिश्र भाषेत कोरलेले आहे. त्यात सर्वसेन हे नाव स्पष्ट होते. ते हाती आल्यावर अजिंठ्याच्या लेखातील झिजलेले नाव जुळले, आणि वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्मावरून राज्य करत होती हे प्रथमच सिद्ध झाले. वा. वि. मिराशी यांनी या शाखेचा इतिहास पुढे उभा केला. एकाच मजकुराची एकच खराब प्रत हाती असेल तर विद्वानही चुकतात. दुसरी प्रत, दुसऱ्या धातूवरची, दुसऱ्या गावची, ही त्यावरची परीक्षा असते.

आता वाशिमला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात जाऊ. तिथल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात मराठीच्या इतिहासातील एक विलक्षण काम झाले. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते, अशांकडे तो स्वतः गेला, त्यांच्याकडून प्रसंग ऐकले, आणि ते नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतले. जे अनेकांच्या सांगण्यात उतरले, ते घेतले. यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. त्याचा काळ १२७८च्या सुमाराचा मानला जातो. ग्रंथ लोकांपुढे ठेवण्याआधी साक्षीदारांकडून तपासून घेण्याची ही शिस्त आजच्या संशोधकालाही लाजवेल अशी आहे.

हा ग्रंथ मराठीत का, याचेही उत्तर परंपरेने जपले आहे. केसोबास हा संस्कृतचा मोठा पंडित. त्याच्या संस्कृत लेखनाला नागदेवाचार्यांनी रोखले. अशाने पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भाषेची निवड इथे वाचकाकडे पाहून झाली. ज्याला संस्कृत येत नाही, त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे, म्हणून मराठी.

आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत याच पंथाने आपले मराठी ग्रंथ अशा लिपीत लिहायला सुरुवात केली, जी पंथाबाहेरच्या पंडितालाही वाचता येऊ नये. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात यापेक्षा मोठा विरोधाभास क्वचितच सापडेल.

त्यामागे भीती होती, आणि ती निराधार नव्हती. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य कोसळले. संप्रदायाच्या परंपरेनुसार त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली. ग्रंथ वाचला तो स्मृतीमुळे. हिराइसा नावाच्या साधक स्त्रीला तो पाठ होता, असे परंपरा सांगते. तिच्या आणि इतरांच्या स्मरणातून पुन्हा पाठ तयार झाले. ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणूनच आजही लीळाचरित्राच्या संपादकाला वेगवेगळे ‘पाठ’ समोर घेऊन बसावे लागते. ज्या समाजाने आपला मूळ ग्रंथ एकदा गमावला, त्याने उरलेल्या ग्रंथांना कुलूप लावले, तर त्याला दोष देणे सोपे नाही.

हे कुलूप म्हणजे सकळ लिपी. ती ‘सह्याद्रिवर्णन’ लिहिणाऱ्या रवळोबासाने घडवली, असे मानले जाते. काळ चौदाव्या शतकाचा मध्य. तत्त्व मूलदेवीयासारखेच : एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर किंवा ठरलेले चिन्ह. पण महानुभावांनी ती छंद म्हणून वापरली नाही, तिला रोजच्या व्यवहारात आणले. पोथ्याच्या पोथ्या या लिपीत लिहिल्या गेल्या. इतकेच नव्हे, तर सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र, मनोहरा अशा अनेक लिप्या निघाल्या. पंथाच्या वेगवेगळ्या आम्नायांनी, म्हणजे गुरुपरंपरेच्या शाखांनी, निरनिराळ्या लिप्या जवळ केल्या.

केवळ परचक्राच्या भयाने हे झाले, असे मानणे पुरेसे वाटत नाही. आक्रमक सैन्याला मराठी पोथीतील ब्रह्मविद्या वाचायची हौस असण्याचे कारण नव्हते. सैन्य पोथी जाळू शकते, आणि जळणाऱ्या पोथीला लिपी वाचवत नाही. लिपी थांबवते ती शेजाऱ्याला : वाद घालणाऱ्या शास्त्र्याला, टवाळखोराला, आणि अनधिकारी हाताने मजकुरात भर घालणाऱ्या लेखनिकालाही. पवित्र वचन जसेच्या तसे राहावे, ही चिंता या पंथात किती खोल होती, हे म्हाइंभटाच्या साक्षीपुराव्यावरून दिसतेच. लिपीचे कुलूप त्याच चिंतेचे अपत्य दिसते.

आपल्या माणसांच्या कसोटीवर सकळ लिपी कशी उतरली? आश्चर्य वाटेल इतकी चांगली. महानुभाव पंथ महाराष्ट्राबाहेर पंजाबात आणि थेट पेशावरपर्यंत पोहोचला. तिकडे त्याला जयकृष्णी पंथ म्हणत. तिथल्या मठांतील साधू मराठी ही धर्मभाषा म्हणून शिकत, आणि पोथ्यांची लिपीही. म्हणजे पंजाबी मातृभाषेचा माणूस सांकेतिक अक्षरांतली जुनी मराठी वाचत होता, आणि तीही शेकडो मैलांवर. किल्ली कागदावर नव्हती, गुरूकडून शिष्याकडे जात होती. हा सांधा जोवर तुटला नाही, तोवर लिपी चालली. मात्र एका आम्नायाची लिपी दुसऱ्याला येईलच असे नव्हते. एका घरात अनेक कुलपे, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या कमरेला.

परक्याच्या कसोटीचा निकाल मात्र चमत्कारिक लागला. लिपी सुमारे साडेपाच शतके बाहेरच्यांना उलगडली नाही. म्हणजे ती यशस्वी ठरली. या यशाची किंमत पंथाने मोजली. जे वाचता येत नाही त्याविषयी माणसे कल्पना करतात, आणि त्या कल्पना सहसा वाईट असतात. मराठी भाषेतच त्याचा पुरावा आहे : ‘महानुभाव’ या आदरार्थी शब्दापासून ‘मानभावी’ हे विशेषण बनले, आणि त्याचा अर्थ वरून गोड, आतून कपटी असा झाला. आज हा शब्द वापरणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की तो एका संपूर्ण समाजाची बदनामी वाहून आणतो आहे?

दुसरी किंमत मराठीने मोजली. एकोणिसाव्या शतकात जेव्हा मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहायला सुरुवात झाली, तेव्हा लिहिणाऱ्यांसमोर लीळाचरित्र नव्हते. तेराव्या शतकातील बोलते मराठी गद्य, त्यातले बाजार, प्रवास, जेवणे, भांडणे, बायकांचे प्रश्न, हे सारे मठांच्या बासनात होते. ज्या म्हाताऱ्या बायकांसाठी मराठी निवडली, त्यांचेच आवाज त्या बासनांत बंद होते.

कुलूप उघडले विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. त्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी हे वाङ्मय वाचकांपुढे आणले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आणि पुढे वि. भि. कोलते यांनी पोथ्या मिळवून, पाठ ताडून त्यांचे संपादन केले. पंथातील महंतांनीही हळूहळू आपली बासने सोडली. त्यांच्या संमतीवाचून केवळ लिपी उलगडून भागले नसते.

एक बाब इथे स्पष्ट व्हायला हवी. अक्षराऐवजी अक्षर ठेवणारी लिपी तत्त्वतः फार दुबळी असते. प्रत्येक अक्षर नेहमी एकाच वेषात येते, त्यामुळे वारंवार येणारे शब्द उघडे पडतात. लीळाचरित्रात ‘म्हणितलें’ हा शब्द पानोपानी येतो. एवढा एक शब्द ओळखला की चार-पाच अक्षरे हाती लागतात, आणि पुढचे दोर आपोआप सुटत जातात. अरब विद्वान अल-किंदी याने अक्षरांची वारंवारता मोजून गुप्तलेख फोडण्याची रीत नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. म्हणजे सकळ लिपी जन्मली तेव्हाच ती फोडण्याची विद्या जगात पाचशे वर्षे जुनी होती. लिपी टिकली ती तिच्या बळावर नव्हे. तिच्यावर कसलेल्या परक्याने हात चालवलाच नव्हता, म्हणून ती टिकली.

रिचर्ड बर्टन यांच्या नावाने गाजलेले कामसूत्राचे इंग्रजी भाषांतर १८८३ साली छापले गेले, आणि म्लेच्छितविकल्पाचे नाव युरोपात पोहोचले. योगायोग असा की त्याच वर्षी ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांचा लष्करी गुप्तलेखनावरील फ्रेंच लेख प्रसिद्ध झाला. त्यांचे सूत्र थोडक्यात असे : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित असावे ते केवळ किल्लीत. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली एकच होती. एक कळली की सगळ्या पोथ्या उघड्या. केर्कहॉफ्स यांच्या विचाराने पुढे जाऊन आजचे ओपन-सोर्स सॉफ्टवेअर उभे आहे : सांकेतिकीकरणाचा कोड सर्वांसमोर ठेवायचा, कोणीही तपासावा, आणि प्रसिद्धीपूर्वी तो निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या आवृत्त्यांवर चालवून पाहायचा.

पण उघडेपणाने परीक्षा आपोआप होत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत २००६ साली ओपन-एसएसएल या सांकेतिकीकरणाच्या संचातील काही ओळी काढल्या गेल्या, कारण तपासणीचे एक साधन त्या ओळींवर इशारे देत होते. त्यानंतर सारे सुरळीत दिसत होते. किल्ल्या तयार होत, मजकूर बंद होई, पुन्हा उघडे, दुसऱ्या यंत्रांशी बोलणे होई. आपल्यांची कसोटी शंभर टक्के पार. प्रत्यक्षात त्या बदलामुळे किल्ल्यांतली यादृच्छिकता जवळजवळ संपली होती. एका प्रकारच्या किल्लीसाठी जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या, आणि तेवढ्या तपासणे संगणकाला क्षुल्लक. हे मे २००८मध्ये उघड झाले. कोड सर्वांसाठी खुला होता, आणि जवळपास दोन वर्षे कोणी तिथे परक्याच्या नजरेने पाहिले नव्हते. सकळ लिपीशी याचे नाते अनपेक्षित आहे, पण खरे आहे.

आज महानुभाव पोथ्यांची छायाचित्रे घेऊन त्या संगणकावर आणण्याचे प्रयत्न होत आहेत, आणि रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. लिप्यंतर करणाऱ्यांपुढे आता आपल्यांची कसोटी नव्या रूपात येते. ती अगदी लहान मापात पाहायची तर मूलदेवीय किल्लीकडे परत जावे. हाताने लिहिताना ‘का’चे ‘आ’ होते, आणि वाचणाराही सहज ‘आ’ पाहून ‘का’ म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांना ‘आ’ म्हणजे ‘अ’ला काना. संगणकाला तसे दिसत नाही. युनिकोडमध्ये ‘आ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. ‘अ’ आणि काना ही दोन चिन्हे जोडून तो लिहू नये, असा युनिकोडचा स्पष्ट संकेत आहे. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसू शकतात, पण यंत्र त्यांना एक मानत नाही. ‘अ’ला वेलांटी देणारी ‘अि’ सावरकरांच्या लिपिशुद्धीत छापली जात असे, तिलाही काही फॉन्ट आज ठिपक्यांचे वर्तुळ काढून परके ठरवतात.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने मूलदेवीयाचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्यावर ‘वाशिम’ चालवून पाहिले. ‘वायिन’ येईल, ‘वाशिम’ परत येईल, आणि तो समाधानाने प्रसिद्ध करील. मग कोणीतरी ‘कारंजा’ घालील. प्रोग्राम ‘अ’, काना, ‘षंजा’ असे लिहील. मधल्या एखाद्या नीटनेटकेपणाच्या आवृत्तीत ‘अ’ आणि काना मिळून ‘आ’ केला जाईल. उलट फिरवताना ‘आ’ तक्त्यात सापडणार नाही, म्हणून तो तसाच राहील, ‘ष’चा ‘र’ होईल, आणि पडद्यावर येईल ‘आरंजा’.